बाहीतली माया आणि तीन पडलेले सेन्सर

मे महिन्यातल्या एका दुपारी काकूंनी माझ्या टेबलावर स्टीलची छोटी डबी ठेवली. झाकण उघडलं तर आत कापसावर शुगर मोजणारे दोन सेन्सर. तिसरा त्यांनी पर्समधून, रुमालात गुंडाळलेला काढला. "मॅडम, हे कंपनीला परत करता येतील का? पंधराशे पोळ्या गेल्या माझ्या."

हा हिशेब त्यांचा. डोंबिवलीत त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. पोळी दहा रुपयांना जाते आणि सेन्सर पाच हजारांच्या आसपास पडतो, म्हणजे एकामागे पाचशे पोळ्या. सहा आठवड्यांत तीन सेन्सर लावले आणि तिन्ही मुदतीआधी पडले. पहिला चौथ्या दिवशी, दुसरा सहाव्या, तिसरा दुसऱ्याच दिवशी. प्रत्येकाची मुदत चौदा दिवसांची होती.

मी एका छोट्या क्लिनिकमध्ये डायबेटिस एज्युकेटर आहे. हे प्रकरण मी काकूंच्या परवानगीने, नाव न देता लिहिते आहे. सेन्सर टिकत नाही ही तक्रार आमच्याकडे दर उन्हाळ्यात येते आणि दर वेळी आमचं एकच ठरलेलं उत्तर असायचं: वरून पट्टी लावा. काकूंनी तीही लावून पाहिली होती.

सेन्सर कशासाठी लावला होता

काकूंचं वय 54. टाइप 2 मधुमेहाला सतरा वर्षं झाली आणि गेली चार वर्षं त्या रात्री इन्सुलिन घेतात. सकाळची उपाशीपोटीची शुगर कधी 110, तर कधी 260. या दोन आकड्यांच्या मधल्या रात्री काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. घामाने भिजून जाग येते, छातीत धडधडतं, असं त्या सांगायच्या. पण पंख्याखालीसुद्धा घाम फुटतो अशा गावात रात्रीच्या घामाचं कुणी फारसं मनावर घेत नाही. डॉक्टरांना रात्रीचं चित्र बघायचं होतं, म्हणून त्यांनी सेन्सर सुचवला.

सेन्सर म्हणजे दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची पांढरी चकती, मोठ्या बटणाएवढी. काकूंचा सेन्सर 35 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर जाड होता. त्याच्या पोटातून केसासारखा लवचीक धागा, म्हणजे फिलामेंट, साधारण 5 मिलिमीटर कातडीखाली जातो आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. आकडा मोबाइलवर दिसतो. लावताना एक सुई फिलामेंटला आत नेऊन सोडते आणि लगेच परत येते. सेन्सर एकदा बाहेर आला की संपला. सुई तर अ‍ॅप्लिकेटरमध्येच, म्हणजे सेन्सर लावायच्या साधनातच, राहिलेली असते. मऊ फिलामेंट हाताने परत आत जात नाही, आणि एकदा उघड्यावर आलेला तो निर्जंतुकही राहिलेला नसतो.

चौदा दिवसांचा आग्रह कंपनीच्या सोयीसाठी नाही. 2019 मध्ये मधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीत असं ठरलं की सेन्सरच्या अहवालावर भरवसा ठेवायचा तर चौदा दिवसांतली किमान 70 टक्के नोंद हातात हवी. म्हणजे जवळजवळ दहा दिवस. काकूंकडे तीन सेन्सर मिळून बारा दिवसांचे तुकडे होते, तेही सहा आठवड्यांत विखुरलेले. त्यातला एक तुकडा तर उलट दिशेला नेणारा होता. त्यावरून डोस ठरवणं डॉक्टरांनी साफ नाकारलं आणि ते योग्यच होतं.

डबीतलं बघताना

मी ते तिन्ही सेन्सर कागदावर उलटे मांडले आणि टेबललॅम्प जवळ ओढला. आधी हे कधीच केलं नव्हतं. पडलेला सेन्सर आम्ही कचऱ्यात टाकायचो.

पहिल्याचा डिंक अगदी स्वच्छ होता, नव्यासारखा चमकत होता. त्यावर कातडीचा कोंडा नाही, लव नाही. चांगला चिकटलेला पॅच निघतो तेव्हा कातडीचा सगळ्यात वरचा मृत थर थोडाफार सोबत घेऊन येतो, डिंकावर पांढुरकी पूड दिसते. इथे तसलं काही नव्हतं. हा सेन्सर मुळात चिकटलेलाच नव्हता, चार दिवस नुसता टेकून होता.

दुसऱ्याचा डिंक दुधासारखा पांढरा झालेला. कडा सुरकुतलेल्या, बोट लावलं तर साबणाच्या ओल्या वडीसारखा मऊ.

तिसऱ्याचा वरचा अर्धा भाग छान, पूड आलेला. खालची कड मात्र दुमडून वर वळलेली आणि त्या दुमडीत निळं सूत, कपड्याचा कचरा, आणि जरीचा एक बारीक सोनेरी तुकडा.

आम्ही सहा आठवडे "काकूंना सेन्सर चिकटत नाही" असं म्हणत होतो, जणू तो एकच आजार आहे. समोर कारणं तीन होती, आणि तिन्हींवर एकच पट्टी हा उपाय असूच शकत नव्हता.

पहिला: तेल

"काकू, दंडाला काही लावता का?"

"नाही हो. रात्री तेवढं तेल चोळते. दिवसभर लाटून दंड भरून येतात ना."

रोज तीनशे पोळ्या, त्यातल्या दीडशे त्यांच्या हातच्या. झोपताना कोमट खोबरेल तेल खांद्यापासून कोपरापर्यंत, तेही दंडाच्या मागच्या बाजूला जास्त, कारण दुखतं तिथेच. म्हणजे आम्ही सेन्सर लावतो नेमक्या त्याच जागेवर, गेली कित्येक वर्षं, रोज रात्री. पहिला सेन्सर लावला त्या सकाळी आंघोळ झाली होती, पण कातडीच्या बारीक रेषांत मुरलेलं तेल एका आंघोळीने जात नाही.

आणि इथे आमची चूक झाली, ती लिहिलीच पाहिजे. आम्ही स्पिरिटचा स्वॅब फिरवला आणि लगेच सेन्सर दाबला. स्पिरिट जंतूंसाठी चांगलं, पण खोबरेल तेल त्यात नीट विरघळत नाही, नुसतं पसरतं. तेल काढायला साधा साबण आणि पाणीच लागतं. शिवाय स्पिरिट पूर्ण उडायच्या आत दाबलं तर डिंक आणि कातडी यांच्यामध्ये ओल अडकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या.

वेळही चुकीची होती. हा डिंक फेव्हिकॉलसारखा वाळून घट्ट होत नाही. तो दाबाने चिकटतो आणि पुढच्या काही तासांत हळूहळू कातडीच्या रेषांत शिरून पकड घेतो. पहिले तास सगळ्यात नाजूक. आम्ही सकाळी दहाला सेन्सर लावला आणि अकराला काकू तव्यासमोर उभ्या होत्या. दोन शेगड्या, उन्हाळा, समुद्रावरून येणारी दमट हवा. पकड घ्यायच्या आधीच खालून घाम सुटला.

तो सेन्सर चौथ्या दिवशी पोळ्यांच्या परातीजवळ फरशीवर सापडला. पैसे गेले त्यापेक्षा काकूंना एकच भीती वाटली: हा कणकेत पडला असता तर? गिऱ्हाइकाच्या डब्यात गेला असता तर? त्या दिवशीची सगळी कणीक त्यांनी चाळून, तिंबून पाहिली. पुढे त्या पट्टी लावायला एवढ्या उतावीळ झाल्या त्यामागे ही भीती होती. आम्ही मात्र तेव्हा त्यांना नुसतं "काळजी घ्या" म्हणून सांगितलं होतं.

दुसरा: पाणी

दुसऱ्या वेळी त्यांनी मेडिकलमधून जखमेवर लावतात तसली पारदर्शक फिल्म आणली आणि पूर्ण सेन्सर झाकून टाकला. अशी फिल्म बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही. आतली वाफ थोडी बाहेर सोडते, पण थोडीच. ऑफिसात बसणाऱ्याला ती पुरते. दोन शेगड्यांसमोर सहा तास उभं राहणाऱ्या बाईचा घाम तिच्याकडून निभत नाही. तो आत साचत गेला आणि दंडाची कातडी कपडे धुतल्यावर बोटांची होते तशी पांढरी, सुरकुतलेली झाली. अशा कातडीवर कुठलाच डिंक टिकत नाही.

यात खरा धोका पाचव्या रात्री झाला. पहाटे तीनला मोबाइल वाजला: शुगर 52. काकांनी घाईघाईने साखरपाणी दिलं. पंधरा मिनिटांनी 50. मग आणखी साखर आणि वर बेसनाचा लाडू. सकाळी ग्लुकोमीटरवर बोट टोचून पाहिलं तर 287. त्या रात्री शुगर खरोखर किती होती हे आता सांगता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मोबाइलने 55 दाखवलं तेव्हा काकूंनी बोट टोचून पाहिलं, तर 118. कड सुटल्यावर फिलामेंट जागेवरून हललेला असणार. सेन्सर पूर्ण पडला तर निदान कळतं तरी. अर्धवट सुटलेला सेन्सर बोलत राहतो आणि चुकीचं बोलतो. म्हणून आता मी प्रत्येकाला सांगते: कड उचललेली दिसली किंवा आकडा अंगाला जाणवतंय त्याच्याशी जुळत नसला, तर आधी बोट टोचा. मात्र लक्षणं जोरात असतील आणि मीटर हाताशी नसेल तर साखर घ्या, थांबू नका.

तिसरा: बाही

तिसऱ्याच्या दुमडीतला जरीचा तुकडा मी चिमट्याने काढून काकूंना दाखवला. त्यांनी तो लगेच ओळखला. "हा माझ्या पैठणीवरच्या ब्लाउजचा." पुतण्याच्या लग्नात घातलेला. रात्री घरी येऊन ब्लाउज काढला आणि सेन्सर बाहीच्या आत चिकटून आला.

मग त्या घालून आल्या होत्या तोच ब्लाउज मी नीट पाहिला. सहा इंची बाही. खांद्यापासून कोपरापर्यंत त्यांचा दंड सुमारे बारा इंच. बाहीची कड बरोबर मध्यावर आणि आपण सेन्सर लावतो तोही दंडाच्या मागे मध्यावरच. लग्नाचा ब्लाउज हे निमित्त झालं. रोजच्या ब्लाउजची तुरपाईसुद्धा दर लाटण्यासरशी चकतीच्या खालच्या कडेवर घासत होती. हात पुढे गेला की बाही वर सरकते, मागे आला की खाली. दीडशे पोळ्या, एका पोळीला दहा-बारा वेळा लाटणं. सेन्सरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकातल्या चित्रात बहुतेक टी-शर्ट किंवा उघडा दंड असतो. घट्ट बाहीच्या ब्लाउजचा विचार त्यात नाही. तो आपणच करायला हवा, कारण आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका तोच घालून येतात.

काका सोबत होते. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "फेविक्विकचा एक थेंब चालेल का?" नाही, मुळीच नाही. असला डिंक सुती कापडाला लागला की एकदम तापतो आणि कातडी भाजते. मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो. हा प्रश्न पहिल्यांदा आलेला नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहून ठेवते.

काय बदललं

चौथा सेन्सर लावायच्या आधी दोन रात्री डाव्या दंडाला तेल बंद. दुखलं तर गरम पाण्याची पिशवी. काकूंनी हे कुरकुरत का होईना मान्य केलं. लावायची वेळ संध्याकाळी साडेसात, केंद्र बंद झाल्यावर. दंड साध्या साबणाने दोनदा धुतला. सुगंधी, क्रीमवाला साबण नको, तो स्वतःच कातडीवर थर सोडतो. पावडर नाही. कोरड्या पंचाने टिपून घेतलं, मग स्पिरिट, आणि मग मोबाइलवर एक मिनिट लावून शांत बसलो. पंखा चालू. ते एक मिनिट फार लांब वाटतं, आणि आधी आम्ही नेमकं तेच गाळत होतो.

जागा ठरवताना त्यांना ब्लाउज घालूनच दोन्ही हातांनी खोटं खोटं लाटायला लावलं. बाहीची कड कुठून कुठे फिरते त्यावर पेनाने दोन रेषा ओढल्या. मग दंडाच्या मागच्या बाजूलाच, पण वरच्या रेषेच्याही वर, चकती पूर्ण बाहीच्या आत राहील अशी जागा घेतली. सेन्सर दाबून, हाताचा तळवा त्यावर अर्धा मिनिट ठेवून कडा बोटाने फिरवून घेतल्या. आंघोळ दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्या दंडाला घासणी नाही.

पट्टी लावली, पण पहिल्याच दिवशी. कड सुटल्यावर लावलेली पट्टी आतला कचरा आणि घाम झाकते, आणखी काही करत नाही. फिजिओथेरपीवाले खेळाडूंना लावतात ती सुती ताणपट्टी घेतली, कारण ती घाम बाहेर जाऊ देते. आठ सेंटिमीटरचा तुकडा, चारही कोपरे गोल कापलेले. कोपरा टोकदार राहिला की तो बाहीत अडकून पहिला उचलतो. त्यांच्या सेन्सरच्या मधोमध बारीक छिद्र असतं, ते बुजता कामा नये, म्हणून पट्टीच्या मध्येही कात्रीने गोल भोक पाडलं.

आणि बाही. काकूंनी घरी जाऊन रोजच्या सहा ब्लाउजच्या डाव्या बाह्या उलट्या करून पाहिल्या. शिवताना शिंप्याने आत पाऊण इंच माया ठेवली होती. पुढे बाई जाड झाली तर उसवून सैल करता यावं म्हणून ठेवतात ती. ती उसवून अर्ध्या इंचाने बाही सैल झाली. त्या खर्चाची चर्चासुद्धा झाली नाही, शेजारच्या शिंपीणबाईंनी ते काम पोळ्यांच्या बदल्यात केलं. घालताना आधी डावा हात, काढताना डावा शेवटी, एवढं मात्र त्यांना लक्षात ठेवावं लागलं.

नंतर

चौथा सेन्सर पूर्ण चौदा दिवस राहिला. नोंद 93 टक्के. उरलेली गेली कारण मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असायचा.

त्या चौदा रात्रींपैकी पाच रात्री दोन ते चारच्या दरम्यान शुगर 70 च्या खाली गेलेली दिसली, दोनदा 54 च्याही खाली. या वेळी काकूंनी तीनदा बोट टोचून खात्री केली होती आणि आकडे जवळपास जुळले होते. झोपेत त्याच कुशीवर दंड दाबला गेला तरी सेन्सर खोटं कमी दाखवू शकतो, म्हणून ही खात्री गरजेची होती. तो रात्रीचा घाम उकाड्याचा नव्हता, शुगर उतरल्याचा होता. डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. सकाळच्या 260 मागे रात्री घाबरून खाल्लेली साखर होती, तीही हळूहळू थांबली.

पाचवा सेन्सर ऑक्टोबरात लावला आणि अकराव्या दिवशी सुटला. मोठी ऑर्डर होती, सलग दोन दिवस बारा-बारा तास शेगडीपुढे. उलटा करून पाहिला तर डिंक पुन्हा दुधाळ. तेल नाही, सूत नाही, फक्त घाम. अकरा दिवसांत नोंद पुरेशी झाली होती, त्यामुळे नुकसान कमी. पण हे उत्तर अजून अर्धंच आहे आणि मला ते टोचतं. अशा दिवसांत दुपारी पंख्याखाली दहा मिनिटं बसून पट्टी कोरड्या पंचाने टिपायची, एवढंच आम्ही आत्तापुरतं ठरवलं आहे.

सहाव्या वेळी खाज आली. काकू घाबरल्या, कारण नात्यातल्या कुणीतरी "सेन्सरची अ‍ॅलर्जी" म्हटलं होतं. अ‍ॅलर्जी खरी गोष्ट आहे. 2017 मध्ये युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या सेन्सरमध्ये आयसोबोर्निल अ‍ॅक्रिलेट हे रसायन शोधून काढलं, आणि 2020 साठी अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने त्याला "वर्षाचा अ‍ॅलर्जन" ठरवलं. तशी अ‍ॅलर्जी असती तर लाली चकतीच्या आकाराची आली असती, चकतीबाहेरही पसरली असती, आणि दर सेन्सरला वाढत गेली असती. मग पट्ट्या बदलत बसायचं नाही, सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं. काकूंच्या दंडावर चकतीखाली काहीच नव्हतं. लाली होती ती पट्टीच्या दोन टोकांना, दोन छोट्या चंद्रकोरी. या वेळी पट्टी काकांनी लावली होती, आणि घट्ट बसावी म्हणून छान ताणून लावली होती. ताणलेली पट्टी आकसायला बघते आणि टोकाची कातडी ओढत राहते.

पट्टी काढली तीही त्यांच्याच खोबरेल तेलाने. कडेखाली थेंब थेंब सोडून, पाच मिनिटं थांबून, पट्टी स्वतःवरच दुमडत, कातडीला लागून, सावकाश. वर ओढून खसकन काढलं की कातडीचा थर सोबत येतो आणि पुढचा सेन्सर तिथे टिकत नाही.

डाव्या दंडाला आता महिनाभर विश्रांती दिली आहे. पुढचा सेन्सर उजव्या दंडावर आहे, म्हणून शिंपीणबाईंकडे सहा ब्लाउज पुन्हा गेलेत, उजव्या बाहीतली माया उसवायला.